इंटरनेट फोनच्या जोडणीवरून फॅक्स आणि मोडेम चालवताना

इंटरनेट फोनवर बोलणं अगदी स्वच्छ ऐकू येतं, आणि त्याच लाइनला फॅक्स मशीन लावलं की पान अर्ध्यात तुटतं. लाइन खराब नसते. बोलणं चांगलं ऐकू यावं म्हणून नेटवर्क ज्या युक्त्या वापरतं, नेमक्या त्याच मोडेमच्या सिग्नलला मारक ठरतात. हरवलेल्या पॅकेटच्या जागी अंदाजाने आवाज भरणं, कोणी बोलत नसताना काहीच न पाठवणं, प्रतिध्वनी पुसणं, बफर (आलेली पॅकेटं थोडा वेळ साठवण्याची जागा) लहानमोठा करत राहणं, यातलं काहीही कानाला जाणवत नाही. मोडेम मात्र सिग्नलची फेज (लहरीची स्थिती) आणि वेळ यांच्या आधारावरच काम करतो. २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट हरवलं की ९६०० (सेकंदाला बिट) वेगाने जाणाऱ्या फॅक्समधले १९२ बिट जातात. ते एकवेळ परवडेल, पण त्या फटीत घेणाऱ्या मोडेमची लय तुटली तर पुढचं अख्खं पान वाया जातं.

उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला, मोडेमचा सूर आवाज म्हणूनच पण कुठेही न दाबता, म्हणजे माहिती कमी न करता, जी.७११ या आवाज-पद्धतीतून तसाच पाठवायचा. याला पास-थ्रू म्हणतात. दुसरा, गेटवेने (फोनची लाइन आणि इंटरनेट यांना जोडणाऱ्या उपकरणाने) फॅक्सचा सूर जागच्या जागी उलगडायचा, त्यातली माहिती पॅकेटमध्ये घालून पाठवायची आणि पलीकडच्या गेटवेने पुन्हा सूर तयार करायचा. हे टी.३८, १९९८ मध्ये मंजूर झालेलं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मानक. फॅक्ससाठी दोन्ही टोकांना टी.३८ मिळत असेल तर तेच घ्या. साध्या मोडेमला टी.३८ चा काही उपयोग नाही, कारण ते फक्त फॅक्सची भाषा जाणतं.

फॅक्सचं बोलणं आधी ओळखा

पुढचा सगळा शोध यावर अवलंबून आहे, म्हणून हा भाग टाळू नका. फोन लावणारं मशीन ११०० हर्ट्झचा सूर देतं, अर्धा सेकंद चालू आणि तीन सेकंद बंद. उचलणारं मशीन २१०० हर्ट्झचा लांब सूर देतं, साधारण २.६ ते ४ सेकंद. मग उचलणारं मशीन व्ही.२१ या ३०० बिटांच्या संथ मोडेमवर आपली क्षमता सांगतं. तो संदेश डीआयएस. लावणारं मशीन डीसीएस पाठवून कोणत्या वेगाने पान पाठवणार ते कळवतं आणि लगेच त्या वेगावर दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतं. ही चाचणी म्हणजे टीसीएफ. ती नीट पोहोचली तर सीएफआर (पान पाठवा) येतो, नाही तर एफटीटी (चाचणी फसली), आणि मग वेग उतरतो: १४४००, १२०००, ९६००, ७२००, ४८००, २४००. पान गेल्यावर ईओपी (पानं संपली) किंवा एमपीएस (आणखी पान आहे), त्याला एमसीएफ (पान मिळालं) हे उत्तर, आणि शेवटी डीसीएन (फोन ठेवतो).

लक्षात घ्या, क्षमतेचे आणि पोच देण्याचे सगळे संदेश ३०० वेगाने जातात. पान तेवढं वेगाने जातं. त्यामुळे ‘मशीन एकमेकांना ओळखतात पण पान जात नाही’ आणि ‘मशीन एकमेकांना ओळखतच नाहीत’ हे दोन अगदी वेगळे बिघाड आहेत.

मशीनवर करायच्या गोष्टी

सुपर जी३ ही वेगवान फॅक्सची सोय बंद करा. ती असलेलं मशीन ३३६०० पर्यंतचा व्ही.३४ मोडेम वापरतं आणि त्याचा उत्तराचा सूर साधा २१०० हर्ट्झ नसतो. त्यात दर ४५० मिलिसेकंदांनी फेज उलटते आणि वर १५ हर्ट्झची लहर असते. टी.३८ ची जुनी आवृत्ती व्ही.३४ उचलूच शकत नाही. ती सोय तिसऱ्या आवृत्तीत आली. बरेच गेटवे यावर तोडगा म्हणून लावणाऱ्या मशीनचा व्ही.८ संदेश (व्ही.३४ ची बोलणी सुरू करणारा) अडवतात, म्हणजे दोन्ही मशीनं गुपचूप साध्या जी३ या नेहमीच्या फॅक्सवर उतरतात. गेटवेला ते वेळेवर जमलं नाही तर कॉल अधांतरी राहतो. मशीनच्या मेनूत हे कधी ‘व्ही.३४’, कधी ‘सुपर जी३’, तर कधी ‘परदेशी कॉल’ या नावाखाली सापडतं.

पास-थ्रू वापरत असाल तर कमाल वेग ९६०० वर बांधा. १४४०० ला व्ही.१७ लागतो, आणि तो थोड्याशा धक्क्यानेही ढासळतो. ९६०० ला व्ही.२९ चालतो. पान थोडं उशिरा जाईल, पण जाईल.

चूक-दुरुस्ती, म्हणजे ईसीएम, याबद्दल मतं वेगवेगळी असतात. ईसीएम चालू असताना पान २५६ किंवा ६४ बाइटांच्या चौकटींत जातं आणि ज्या चौकटी बिघडल्या तेवढ्याच परत मागवल्या जातात. पॅकेट हरवत असतील तर मागण्या वाढतच जातात आणि लांब फॅक्स तुटतो, म्हणून ‘ईसीएम बंद करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. आमचं मत असं की तो सल्ला अर्धाच खरा आहे. ईसीएम बंद केल्यावर मशीन काही बिघडलेल्या ओळी चालवून घेतं आणि ‘यशस्वी’ म्हणतं. कागदावर मात्र पट्टे येतात, आकडे पुसतात. रक्कम, औषधाची मात्रा, सही असलेली पानं जात असतील तर ईसीएम चालूच ठेवा आणि पॅकेट का हरवतात ते शोधा. टी.३८ वर तर तो बंद करायचं कारणच नाही.

पास-थ्रू: अॅडॅप्टर आणि गेटवेवर काय बदलायचं

कोडेक (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) फक्त जी.७११ ठेवा, बाकी यादीतून काढून टाका. जी.७२९ सारखे कोडेक माणसाच्या आवाजाच्या ठेवणीवर बेतलेले आहेत. ८ किलोबिटांत मोडेमचा सूर मावत नाही, पलीकडे नुसता गोंगाट पोहोचतो. जी.७११ चे दोन प्रकार आहेत, ए-लॉ आणि म्यू-लॉ. सबंध मार्गावर एकच राहील असं पाहा. मध्ये कुठे एकाचं दुसऱ्यात रूपांतर झालं तर दरवेळी थोडा विपर्यास वाढतो. बोलण्यात तो कळत नाही, वरच्या वेगाच्या मोडेमला कळतो.

पॅकेट २० मिलिसेकंदांचं ठेवा. त्यात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट मथळे, सेकंदाला ५० पॅकेटं, म्हणजे प्रत्येक दिशेला ८० किलोबिट. इथरनेटचं वेष्टन धरलं तर ८७.२. अपलोडला ही जागा कायम मोकळी हवी. संथ अपलोडवर एक १५०० बाइटांचं पॅकेट आधी घुसलं की फॅक्सचं पॅकेट त्याच्यामागे अडकतं. ५१२ किलोबिटांच्या लाइनवर ही अडवणूक २३ मिलिसेकंदांहून जास्त होते. म्हणून राउटरवर आवाजाच्या पॅकेटांना अग्रक्रम द्या. डीएससीपी ४६ ही त्यासाठीची नेहमीची खूण आहे.

शांतता दाबण्याची सोय, म्हणजे व्हीएडी, बंद करा. फॅक्सच्या दोन संदेशांमध्ये छोटे विराम असतात. विरामानंतर अॅडॅप्टर (साधं मशीन इंटरनेट फोनला जोडणारा डबा) जागा होईपर्यंत पुढच्या संदेशाची सुरुवात कापली जाते. हरवलेलं पॅकेट अंदाजाने भरणारी सोयही बंद होत असेल तर करा.

जिटर बफर, म्हणजे पॅकेटं साठवण्याची जागा, स्थिर ठेवा, जुळवून घेणारा नको. पास-थ्रू बिघडण्याचं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. जुळवून घेणारा बफर नेटवर्क शांत दिसलं की स्वतःला आखडतो आणि गर्दी दिसली की ताणतो. आखडताना आवाजाचा तुकडा टाकतो, ताणताना नवा तुकडा घुसवतो. एकही पॅकेट हरवलेलं नसताना मोडेमला मात्र मध्येच काही मिलिसेकंद गायब झालेले दिसतात. स्थिर बफर ८० ते १०० मिलिसेकंदांचा ठेवायला हरकत नाही. बोलताना एवढा उशीर नकोसा वाटेल, फॅक्सला त्याचं काही नाही: टी.३० या फॅक्सच्या नियमावलीत उत्तराची वाट पाहण्याची मुदत साधारण ३ सेकंद आहे.

प्रतिध्वनी पुसणाऱ्या यंत्रणेचं थोडं नाजूक आहे. फेज उलटणारा २१०० हर्ट्झ ऐकला की तिने स्वतःहून बंद व्हायचं असतं, मोडेमसाठी ते हवंच असतं. साध्या जी३ फॅक्सच्या सुरात फेज उलटत नाही, म्हणून ती चालू राहते. फॅक्स एका वेळी एकाच दिशेने बोलतो, त्यामुळे एरवी याने नुकसान होत नाही. पण तिच्या शेवटी असलेला उरलासुरला आवाज गिळणारा भाग बंदच हवा. अॅडॅप्टरवर ‘फॅक्स आढळल्यावर प्रतिध्वनी-नियंत्रण बंद’ असा पर्याय असेल तर तो चालू करा.

आवाजाची पातळी दोन्ही दिशांना ० डेसिबलवर ठेवा आणि आपोआप पातळी सावरणारी सोय काढून टाका. ‘फॅक्स पोहोचत नाही, आवाज वाढवून बघू’ हा मोह आवरा; वाढवलेला सूर वरच्या टोकाला कापला जातो आणि वेग आणखी उतरतो.

आता घड्याळ. अॅडॅप्टर सेकंदाला ८००० नमुने घेतो, पण दोन टोकांची स्फटिकं तंतोतंत सारखी नसतात. दशलक्षात ५० इतका फरक असला तर मिनिटाला ३ मिलिसेकंद साठतात, आणि सुमारे ४०० सेकंदांत एका अख्ख्या पॅकेटाची तफावत होते. तेव्हा बफर एक तुकडा टाकतो किंवा जास्तीचा घालतो. दोन पानांचा फॅक्स सुखरूप जातो आणि वीस पानांचा नेहमी सातव्या-आठव्या मिनिटाला तुटतो, तो यामुळे. गेटवेत डिजिटल फोन-लाइनचं ई१ किंवा टी१ कार्ड असेल तर त्याचं घड्याळ पुरवठादाराच्या लाइनवरून घ्यायला लावा, स्वतःचं चालू ठेवू नका. अॅडॅप्टरमध्ये असं काही बदलता येत नाही. तिथे लांब फॅक्स पाच-पाच पानांत तोडून पाठवणं हाच सरळ मार्ग.

टी.३८: वाटाघाट आणि पोर्ट

टी.३८ मध्ये कॉल आधी आवाज म्हणूनच लागतो. फॅक्स असल्याचं कळल्यावर एक बाजू नव्याने इन्व्हाइट (कॉल मांडण्याचा संदेश) पाठवते आणि आवाजाच्या जागी ‘इमेज’ प्रकारचा प्रवाह मागते. हे कोणी करायचं? उचलणाऱ्या बाजूच्या गेटवेने, आणि तेही व्ही.२१ ची सुरुवात ऐकल्यावर. नुसत्या २१०० हर्ट्झवर उडी मारली तर साधा मोडेमही फॅक्स समजला जातो. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी इन्व्हाइट पाठवलं तर ४९१ असं उत्तर येतं आणि दोघं थांबून पुन्हा प्रयत्न करतात. त्या गडबडीत पहिला डीआयएस हुकतो. म्हणून तुमच्याकडची यंत्रणा लावणारी असताना स्वतःहून टी.३८ मागणार नाही अशी ठेवा.

पलीकडच्याला टी.३८ जमत नसेल तर तो ४८८ देतो. तेव्हा कॉल न तोडता जी.७११ वर चालू राहिला पाहिजे. म्हणून टी.३८ वापरतानाही वरची पास-थ्रूची सगळी मांडणी करून ठेवावी लागते.

चार मूल्यं तपासा. वेग १४४००. वेग-व्यवस्थापन ‘ट्रान्सफर्ड टीसीएफ’, म्हणजे चाचणीची शून्यं खरोखर पलीकडे पोहोचवायची. यूडीपीवर (पोच न घेता पॅकेटं पाठवण्याच्या पद्धतीवर) हेच लागतं, ‘लोकल टीसीएफ’ पोच घेणाऱ्या टीसीपीसाठी आहे. चूक-संरक्षण ‘रिडंडन्सी’: प्रत्येक पॅकेटात आधीच्या काही पॅकेटांची नक्कल जाते, म्हणजे सलग तेवढी पॅकेटं हरवली तरी चालतं. ३०० वेगाच्या संदेशांना ३ ते ५ नकला द्या, ते इतके छोटे असतात की भार पडत नाही. पानाच्या माहितीला १ किंवा २ पुरतात. चौथं मूल्य कमाल डेटाग्रॅमचं, म्हणजे एका पॅकेटाच्या मापाचं. १४४०० वेगाने ४० मिलिसेकंदांत ७२ बाइट होतात. दोन नकला धरून २१६, वर मथळे. ४०० ठेवलं की सगळं आरामात बसतं. काही उपकरणं इथे फक्त एका तुकड्याचं माप कळवतात, आणि मग समोरचा बिचारा नकला गाळून टाकतो. संरक्षण कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद, अशी ती अवस्था असते. पॅकेट पकडून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

फायरवॉलचा एक हमखास सापळा सांगायलाच हवा. एस्टेरिस्क या फोन-एक्सचेंज सॉफ्टवेअरच्या नमुना मांडणीत आवाजासाठी १०००० ते २०००० हे पोर्ट असतात, पण टी.३८ चा यूडीपीटीएल प्रवाह ४००० ते ४९९९ वर चालतो, आणि ते वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. आवाजाचे पोर्ट उघडून माणूस निवांत होतो, बोलणं उत्तम चालतं, आणि फॅक्स मात्र टी.३८ वर सरकल्याक्षणी मुका होतो. दोन्ही पट्टे उघडा. राउटरमधली सिपमध्ये (कॉल जोडणाऱ्या संदेशांत) लुडबुड करणारी ‘एएलजी’ सोय बंद करा. नव्या इन्व्हाइटमधला पत्ता ती बऱ्याचदा चुकीचा बदलते.

पुरवठादाराला नेमका प्रश्न विचारा: टी.३८ शेवटपर्यंत जातं, की तुमच्या गेटवेवर त्याचा जी.७११ होतो आणि पुढे दुसऱ्या वाहकाकडे? तुमच्या टोकाला सगळं बरोबर दिसत असतानाही मधला एखादा स्वस्त मार्ग आवाज दाबून पाठवत असू शकतो. ठरावीक नंबरांनाच फॅक्स जात नसेल तर संशय इथेच घ्या आणि त्या नंबरांसाठी मार्ग बदलून मागा.

साधा मोडेम, कार्ड मशीन आणि अलार्म

मोडेमसाठी पास-थ्रूच. व्ही.१५०.१ हे मोडेम-रिलेचं मानक आहे, पण ते दोन्ही गेटवेंत असेल तरच कामाचं. ५६के विसरा: त्याला दोन टोकांच्या घड्याळांचा पूर्ण मेळ लागतो आणि आयपीवर तो नसतो. व्ही.३४ जोडला जातो, पण पुन्हापुन्हा वेग ठरवत बसतो. एटी+एमएस या आज्ञेने (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत) मोडेमला व्ही.२२बीस, म्हणजे २४०० वर, किंवा व्ही.३२बीसमध्ये ९६०० वर बांधा. मीटर वाचणं, दूरचं उपकरण तपासणं यासाठी २४०० भरपूर होतं. व्ही.४२ चूक-दुरुस्ती चालू ठेवा. एस१० हे रजिस्टर वाहक-सूर गेल्यावर किती वेळाने फोन ठेवायचा ते ठरवतं, सेकंदाच्या दहाव्या भागांत. ते बऱ्याचदा १४ असतं. ५० केलं तर छोट्या फटीवर जोडणी तुटत नाही.

दुकानातलं कार्ड मशीन बहुधा १२०० किंवा २४०० वर चालतं आणि काही सेकंदांत काम उरकतं. त्यामुळे ते बऱ्यापैकी तग धरतं. अलार्म पॅनेलचं वेगळं. काँटॅक्ट आयडी पद्धतीत अलार्मचं देखरेख केंद्र १४०० आणि २३०० हर्ट्झचे सूर देतं, पॅनेल १६ डीटीएमएफ आकडे (फोनच्या बटणांचे सूर) पाठवतं आणि शेवटी १४०० हर्ट्झची पोच येते. आकडे फार झपाट्याने जातात. अॅडॅप्टरने ते वेगळ्या घटना-पॅकेटांत रूपांतरित केले तर पलीकडे त्यांची लांबी आणि अंतर बदलतं, आणि केंद्र ते नाकारतं. त्या पोर्टवर डीटीएमएफ ‘इनबँड’, म्हणजे आवाजातच, ठेवा.

आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजकडून मिळत असे. अॅडॅप्टर, राउटर आणि इंटरनेटचं उपकरण या तिघांपैकी एकाचीही वीज गेली तर अलार्म आणि लिफ्टमधला आणीबाणीचा फोन बंद पडतो. तिघांना मिळून बॅटरी द्या, आणि मुख्य वीज तोडून प्रत्यक्ष चाचणी घ्या.

बिघाड शोधताना

वायरशार्क या पॅकेटं पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने कॉल पकडा. टी.३८ असेल तर त्यात डीआयएस, डीसीएस, एफटीटी ही नावं सरळ वाचता येतात. चाचणीसाठी आधी एक साधं टंकलिखित पान, मग दाट करड्या छायेचं चित्र असलेलं पान, मग वीस पानं पाठवा. दाट पान जास्त वेळ घेतं, तिथे लपलेला दोष बाहेर येतो.

दोन्ही मशीनचे सूर ऐकू येतात पण डीआयएसला उत्तरच येत नाही: एका दिशेचा प्रवाह अडला आहे, फायरवॉल आणि पत्ता पाहा. डीसीएसनंतर एफटीटी पुन्हापुन्हा येऊन वेग २४०० पर्यंत उतरतो: मार्गात कुठेतरी आवाज दाबला जातोय किंवा पातळी चुकली आहे. सीएफआर येतो, पान सुरू होतं आणि मध्येच तुटतं: पॅकेट हरवणं किंवा हलता जिटर बफर. सगळं पान जातं पण एमसीएफ न येता ईओपी तीनदा जाऊन कॉल संपतो: व्हीएडी किंवा टी.३८ च्या संदेशांना नकला नाहीत. ही शेवटची अवस्था फसवी असते. पलीकडे पान नीट छापलं गेलेलं असतं, पाठवणारं मशीन ‘अयशस्वी’ म्हणून पुन्हा लावतं, आणि समोरच्याकडे एकच कागद तीन-चार वेळा पोहोचतो. अशा वेळी पुन्हा लावण्याची संख्या आधी १ वर आणा, मग बिघाड शोधायला बसा.